सॅनिटायझर आणि स्वयंपाकघर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरचा ओटा, खानावळ, मेस, वडापावची गाडी, लग्नाची पंगत, ऑफिसातला डबा: जिथे हाताचा आणि अन्नाचा थेट संबंध येतो तिथलेच प्रश्न इथे घेतले आहेत. सॅनिटायझर म्हणजे अल्कोहोल असलेलं, मग ते जेल असो की पाण्यासारखं पातळ.

पोळ्या करायला घेण्यापूर्वी हात धुण्याऐवजी सॅनिटायझर लावलं तर चालेल का?

नाही. साबण आणि पाणीच हवं. घरच्या स्वयंपाकात बहुतेक वेळा तेवढंच पुरतं, वर सॅनिटायझरची गरजही नसते.

सॅनिटायझर रुळलं ते दवाखान्यात. नर्स एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा तिचे हात बहुधा कोरडे आणि दिसायला स्वच्छ असतात, त्यांना तेल-तूप लागलेलं नसतं. अशा हातांवर अल्कोहोल उत्तम काम करतं. स्वयंपाक करणाऱ्याचे हात याच्या नेमके उलट: ओले, तेलकट, पिठाळलेले, बटाट्याची माती लागलेले. अल्कोहोल जंतूंना जागच्या जागी मारतं, पण हातावरून काहीच काढून टाकत नाही. साबणाचं काम वेगळं. तो मळ, तेल आणि त्यात अडकलेले जंतू सैल करतो आणि पाणी ते सगळं मोरीत घेऊन जातं. ‘मारणं’ आणि ‘काढणं’ यातला हा फरक लक्षात राहिला, तर खालचे निम्मे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल.

तेलकट किंवा ओल्या हातांवर नेमकं काय बिघडतं?

बुंदीचे लाडू वळणाऱ्याचे हात डोळ्यांसमोर आणा. तळव्यावर तुपाचा थर आहे. त्यावर जेल घेतलं की ते तुपावरून घसरतं आणि चोळल्यावर तूपच बोटांच्या बेचक्यांत पसरतं. मिनिटभरात अल्कोहोल उडून जातं, तुपाखालचे जंतू आहेत तिथेच राहतात आणि हात मात्र ‘स्वच्छ’ वाटायला लागतो. नखांच्या कडेला सुकलेल्या कणकेचंही असंच. अल्कोहोलने प्रथिनं साकळतात, त्यामुळे पीठ, रक्त, अंडं किंवा दूध यांचा थर असेल तर वरचा भाग घट्ट होतो आणि आतले जंतू सुरक्षित राहतात.

ओल्या हातांचा हिशोब तर सरळ आहे. ७० टक्क्यांचं ३ मिली जेल घेतलं, म्हणजे त्यात अल्कोहोल २.१ मिली. हातावर फक्त १ मिली पाणी असलं, तरी मिश्रण ४ मिली होतं आणि अल्कोहोल ५२.५ टक्क्यांवर येतं. साधारण ६० टक्क्यांच्या खाली गेलं की भरवसा राहत नाही. म्हणून हात धुऊन लगेच, न पुसता सॅनिटायझर लावणं म्हणजे ते वाया घालवणं.

मग जास्त तीव्र, ९९ टक्क्यांचं घेतलं तर?

उलट कमी चालतं. जंतूंची प्रथिनं मोडायला अल्कोहोलबरोबर थोडं पाणीही लागतं. शिवाय शुद्ध अल्कोहोल इतक्या झटकन उडतं की जंतूंना ते पुरेसा वेळ लागतच नाही. उपयोगाचा पट्टा ६० ते ९५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात इथेनॉल ८० टक्के, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ टक्के असतं. त्यात १.४५ टक्के ग्लिसरीन त्वचेसाठी, आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड बाटलीत राहिलेले बीजाणू, म्हणजे काही जंतूंचं कठीण कवचातलं सुप्त रूप, मारण्यासाठी. हातावरचे बीजाणू त्याने मरत नाहीत.

अन्नातून पसरणारे कोणते जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत?

इथेच खरी मेख आहे. कोरोना आणि फ्लूच्या विषाणूंना बाहेरून चरबीचं आवरण असतं. अल्कोहोल ते फोडतं, म्हणून २०२० मध्ये सॅनिटायझर घरोघर गेलं ते योग्यच होतं. पण उलट्या-जुलाब करवणारा नोरोव्हायरस आणि काविळीचा हिपॅटायटिस ए यांना तसं आवरणच नाही. त्यांच्यावर अल्कोहोलचा परिणाम अर्धामुर्धा होतो, आणि नेमके हेच विषाणू स्वयंपाक्याच्या हातातून जेवणात उतरतात.

दुसरा गट बीजाणूंचा. बाहेर राहिलेल्या भाताने पोट बिघडवणारा बॅसिलस सिरियस हा जिवाणू मातीतून, तांदळातून येतो आणि बीजाणूंच्या रूपात तग धरून राहतो. अल्कोहोलने त्याला काही होत नाही. दूषित पाण्यातून येणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचंही तेच. साल्मोनेला आणि ई. कोलाय हे पोट बिघडवणारे जिवाणू मात्र अल्कोहोलने मरतात, अर्थात हात आधी स्वच्छ असतील तर.

म्हणून ज्याला जुलाब किंवा उलट्या होताहेत त्याने सॅनिटायझर लावून पोळ्या लाटू नयेत. त्रास पूर्ण थांबल्यावर आणखी ४८ तास त्याला स्वयंपाकापासून आणि वाढण्यापासून दूर ठेवा. खानावळीत ‘आज माणूस कमी आहे’ म्हणून हा नियम सर्वांत आधी मोडला जातो.

मग सॅनिटायझर वापरायचं तरी कधी?

हात आधी धुतलेले, कोरडे आणि दिसायला स्वच्छ असतील, आणि मध्येच एखाद्या कोरड्या वस्तूला हात लागला असेल तेव्हा. डबे भरताना फोन उचलला, दाराची कडी उघडली, पार्सलची पिशवी घेतली, गल्ल्यातल्या नोटा मोजल्या, असे हे प्रसंग. वाढप्याला पंगतीत दर पाच मिनिटांनी नळावर जाता येत नाही; तिथेही उपयोग आहे.

पण कच्चं चिकन, मासळी किंवा अंडी हाताळल्यावर, शौचालयातून आल्यावर, कचऱ्याचा डबा उचलल्यावर, नाक शिंकरल्यावर, बाळाचं लंगोट बदलल्यावर आणि कांदे-बटाटे निवडल्यावर साबण-पाण्याला पर्याय नाही. कोळंबी सोलून झाल्यावर सॅनिटायझर चोळलेल्या हाताचा वास घेऊन पाहा. अत्तरात बुडवलेली कोळंबी! ती हातावरच आहे, एवढं तरी त्यावरून कळतं.

किती घ्यायचं आणि किती वेळ चोळायचं?

साधारण ३ मिली, म्हणजे ओंजळीच्या खळग्यात छोटं तळं होईल इतकं. बहुतेक पंपांच्या एका दाबात यापेक्षा कमी येतं, म्हणून दोन दाब घ्या. तळवे एकमेकांवर, मग तळव्याने दुसऱ्या हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, मुठीत धरून अंगठा, आणि शेवटी बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यावर गोल फिरवायची. माणसं अंगठा आणि नखांची टोकं विसरतात, आणि मीठ चिमटीत धरतात ती त्यांनीच.

हात २० ते ३० सेकंद ओले राहायला हवेत. १० सेकंदांत सुकले तर घेतलेलं कमी पडलं, असं समजा आणि पुन्हा घ्या. फुंकर मारू नका, कपड्याला पुसू नका. अंगठी आधी काढा. तिच्याखाली कणीक साचते आणि अल्कोहोल तिथे पोचत नाही.

साबणाने धुतानाही हीच चाल, फक्त साबण चोळण्याला किमान २० सेकंद द्या. ‘जंतुनाशक’ साबणच हवा असं नाही. साधी वडी चालते, पण ती पाणी निथळणाऱ्या साबणदाणीत ठेवा. गिचगोळा झालेल्या वडीला कोणी हात लावत नाही.

सुकल्यावर लगेच हाताने जेवलं तर चालतं का? काही उरतं का?

अल्कोहोल पूर्ण उडून जातं. मागे राहतं ते ग्लिसरीन, जेल घट्ट करणारा कार्बोमर, सुगंध, आणि काही सॅनिटायझरमध्ये मुद्दाम घातलेलं कडू द्रव्य. कोणी पिऊ नये म्हणून घातलेलं डेनॅटोनियम बेंझोएट हे जगातल्या सर्वांत कडू पदार्थांपैकी एक आहे. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि जीभ कडू पडली, तर भाकरीला दोष देऊ नका.

एवढ्याशा अंशाने विषबाधा होत नाही. पण आपण वरण-भात बोटांनी कालवतो, काट्या-चमच्याने खात नाही. त्यामुळे हातावरचं सगळं घासात उतरतं. कणीक मळताना तर ते परातीतच जातं. म्हणून नळ जवळ असेल तर जेवणाआधी हात धुवाच. बाहेर फक्त सॅनिटायझरच असेल, तर ते पूर्ण सुकू द्या आणि शक्य तर चमच्याने खा.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यासाठी सॅनिटायझर पुरेसं आहे का?

अजिबात नाही, आणि मराठी स्वयंपाकघरात हा मुद्दा गंभीर आहे. कूट साबुदाण्याच्या खिचडीत असतो, कोशिंबिरीत असतो, भरल्या वांग्यात असतो. ॲलर्जी जंतूमुळे नाही, शेंगदाण्यातल्या प्रथिनामुळे होते. ते ‘मरत’ नाही, हातावरून काढावंच लागतं. सॅनिटायझर चोळल्यावर ते हातभर पसरतं इतकंच. नुसत्या पाण्यानेही नीट जात नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा, आणि ओटा पुसायचं फडकंही बदला. शाळेत डबा खाऊन झाल्यावर मुलांच्या हातावर सॅनिटायझरचा थेंब टाकणाऱ्या शिक्षकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मिरची चिरल्यावर हाताची आग होते. सॅनिटायझरने जाईल?

तिखटपणा देणारं कॅप्सायसिन अल्कोहोलमध्ये विरघळतं, त्यामुळे सॅनिटायझरने ते सुटतं खरं, पण जाणार कुठे? हातावरच सगळीकडे पसरतं. आधी थोडं खाद्यतेल चोळा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा.

गॅसजवळ ठेवलं तर काय होतं?

याचं उत्तर जरा सविस्तर, कारण चुकीची किंमत इथे सर्वांत मोठी आहे.

८० टक्के इथेनॉलच्या सॅनिटायझरची वाफ साधारण १७.५ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी होते. म्हणजे पुण्यातली जानेवारीतली पहाट सोडली, तर महाराष्ट्रात जवळपास नेहमीच. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ओट्यावर सांडलेल्या सॅनिटायझरची वाफ वर न जाता ओट्यालगत पसरत शेगडीपर्यंत पोचते. आणि इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते. भर उजेडात ती दिसतच नाही. हात पेटल्याचं आधी चटक्याने कळतं.

काही सवयी पक्क्या करा. बाटली शेगडीपासून दूर, दुसऱ्या भिंतीला ठेवा. वरच्या मांडणीत नको, पडली तर थेट ज्योतीवर येईल. स्वयंपाकघरात स्प्रे नकोच. त्याचे तुषार उघड्या पातेल्यात पडतात आणि पेटतातही लवकर. पंपाचं जेल बरं. लावल्यावर हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय काडी ओढू नका, लायटर लावू नका, आरतीचा कापूर पेटवू नका. ५ एप्रिल २०२० च्या रात्री देशभर दिवे लावायचे होते तेव्हा, दिव्याआधी सॅनिटायझर नको, साबणाने हात धुवा, असं सरकारी यंत्रणांनी मुद्दाम बजावलं होतं. दर दिवाळीला ते पुन्हा आठवण्यासारखं आहे.

सांडलंच तर आधी गॅस बंद करा, खिडकी उघडा, दिव्याची किंवा एक्झॉस्ट फॅनची बटणं दाबू नका, आणि भरपूर पाणी ओतून पुसून घ्या. हाताने पेट घेतला तर नळाखाली धरा किंवा ओल्या फडक्याने झाका. भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली ठेवा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको.

भाज्या, फळं, दुधाच्या पिशव्या यांवर फवारावं का?

भाज्या-फळांवर नाही. सॅनिटायझर त्वचेसाठी बनतं, खाण्यासाठी नाही. कोथिंबिरीवर मारलं तर पानं काळवंडतात आणि सुगंधी द्रव्यं आत मुरतात. वाहत्या पिण्याच्या पाण्याखाली चोळून धुणं पुरेसं आहे. चुकून अख्ख्या संत्र्यावर किंवा केळ्यावर उडालं तर धुऊन सोलून खा. शिजलेल्या अन्नात, चटणीत किंवा पिठात पडलं तर तेवढं सगळं टाकून द्या; ‘उकळलं की उडून जाईल’ हे अल्कोहोलपुरतं थोडंफार खरं, बाकीच्या घटकांना लागू नाही. दुधाची पिशवी धुऊन घेतली की झालं.

पोळपाट, सुरी, ओटा यांवर हाताचं जेल वापरता येईल का?

नको. कार्बोमर आणि ग्लिसरीनचा चिकट पातळ थर राहतो आणि त्यावर धूळ धरते. हॉटेलात पृष्ठभागांसाठी वेगळं, अन्नाशी संपर्क चालेल असं लेबलवर लिहिलेलं जंतुनाशक मिळतं. तेही आधी घासून, धुऊन, कोरडं केल्यावरच. घरी भांड्यांचा साबण आणि उकळतं पाणी.

हातमोज्यांवर सॅनिटायझर लावून तेच मोजे पुढे वापरले तर?

मोजे बदलायचे असतात, धुवायचे नसतात. पातळ व्हिनाइल मोजे अल्कोहोलने कमकुवत होतात, बारीक भोकं पडतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय मोजा घातलेल्या हाताने नोट घेऊन त्याच हाताने पाव उचलला, तर मोजा असून काय उपयोग?

गाडीवर नळच नाही. मग काय करायचं?

तोटी असलेला २० लिटरचा पाण्याचा कॅन, खाली बादली, दोरीला टांगलेला साबण आणि पुसायला कागदी नॅपकिन. एका धुण्याला अर्धा लिटर धरलं तरी ४० वेळा हात धुऊन होतात, म्हणजे दोन माणसांची संध्याकाळ निघते. भिजवलेल्या फडक्याने दिवसभर हात पुसणं मात्र सोडाच. ते फडकं म्हणजे जंतूंचं विरजण.

पैसे घेणारा एक आणि वडा उचलणारा दुसरा असेल तर उत्तम. एकटाच असाल तर पाव-वडा चिमट्याने उचला आणि सुटे पैसे गिऱ्हाइकालाच डब्यात टाकायला, डब्यातून घ्यायला सांगा. यूपीआयने हा प्रश्न बराच सोपा केला आहे, पण फोनला हात लावलात तर तोही नोटेइतकाच मळका समजा. सॅनिटायझर या सगळ्याला जोड म्हणून चालतं. अन्न व्यवसायाच्या परवान्यासोबतच्या अनुसूची ४ मध्येही (स्वच्छतेच्या नियमांमध्ये) भर आहे तो हात धुण्याच्या सोयीवर.

लग्नाच्या बुफेत बाटली कुठे ठेवावी?

ताटांच्या आधी, रांगेच्या तोंडाशी. पदार्थांच्या टेबलावर नाही, कारण तिथे भांड्यांखाली ज्योती असतात. त्या ज्योतींच्या जेल इंधनाचे डबे आणि सॅनिटायझरच्या बरण्या एकाच खोक्यात ठेवू नका. इंधनाचं जेल दिसायला तसंच असतं, पण त्यात बऱ्याचदा मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असतं. आणि स्टँड मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर नको. पंप दाबताना चिळकांडी थेट डोळ्यात जाते. गेलीच तर १५ मिनिटं साध्या पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

विकत घेताना काय पाहायचं?

इथाइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, टक्केवारी, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत. ‘९९.९% जंतू नष्ट’ हे मोठ्या अक्षरात असतं. अल्कोहोलची टक्केवारी मागे बारीक अक्षरात. ती नसेल तर बाटली परत ठेवा. अल्कोहोल नसलेलं बेंझाल्कोनियम क्लोराइडचं सॅनिटायझर वेगळं, त्याला इथली मापं लागू नाहीत.

सुट्टं, कॅनमधून भरून दिलेलं घेऊ नका. २०२० च्या जूनपासून अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) मिथेनॉल सापडलेल्या सॅनिटायझरची यादीच जाहीर केली होती. मिथेनॉल वासावरून ओळखू येत नाही, आणि पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो.

उरलेल्यात पाणी घालून पुरवलं तर? किंवा दारूपासून घरी केलं तर?

७० टक्क्यांच्या ५०० मिलीत १०० मिली पाणी घातलं की ५८.३ टक्के उरतं. बाटली भरलेली दिसते, काम संपलेलं असतं. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची असते. त्यात कोरफडीचा गर घातल्यावर ती आणखी उतरते. हात चिकट होतात, बाकी काही नाही.

मुलाने चाटलं किंवा प्यायलं तर?

सुकलेला हात चाटला तर घाबरू नका. घोट घेतला असेल तर गोष्ट वेगळी. १० मिली, म्हणजे दोन छोटे चमचे ७० टक्क्यांचं सॅनिटायझर, यात ७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. लहान मुलांच्या रक्तातली साखर त्याने झपाट्याने उतरू शकते. मूल गळून जातं, झोपाळतं, झटकेही येतात. तोंड धुवा, उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

बाटल्यांची अदलाबदल प्रशिक्षित माणसांकडूनही होते. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसऐवजी १२ मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं. सुदैवाने मुलं वाचली. त्याच जिल्ह्यात वणीला एप्रिल २०२१ मध्ये दारूची दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन माणसं दगावली.

नैवेद्याच्या स्वयंपाकाला चालतं का?

अल्कोहोल सोवळ्यात बसतं की नाही, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवावं. स्वच्छतेच्या बाजूने पाहिलं तर साबण-पाणी असताना प्रश्नच येत नाही.

रिकाम्या बाटलीत तेल किंवा व्हिनेगर भरून ठेवू का?

नको. पंपाच्या नळीत जुनं जेल राहतं आणि ते धुऊन निघत नाही. उलटही करू नका: पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत सॅनिटायझर कधीच भरू नये. पातळ सॅनिटायझर रंगाने पाण्यासारखंच असतं आणि रात्री तहान लागलेला माणूस लेबल वाचत नाही. बाटली टाकण्यापूर्वी पाण्याने भरून मोरीत ओता, लेबल फाडा, आणि मगच सुक्या कचऱ्यात द्या.